परकीय गुंतवणूक, कारभार आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परदेशी गुंतवणूक आली की प्रदूषण वाढतं की कमी होतं?

दोन्ही होऊ शकतं, कारण एकाच गुंतवणुकीचे तीन परिणाम एकाच वेळी चालू असतात. पहिला आकाराचा. कारखाने वाढले, माल वाढला, की वीज, पाणी, धूर, कचरा सगळंच वाढतं. दुसरा रचनेचा. पैसा सॉफ्टवेअरमध्ये गेला की रंग-रसायनांत, त्यावर अर्थव्यवस्थेचा पोत ठरतो. तिसरा तंत्राचा. नवा बॉयलर जुन्यापेक्षा कमी कोळशात तेवढीच वाफ देतो. पहिला परिणाम जवळपास नेहमी पर्यावरणाच्या विरोधात जातो, तिसरा बहुधा बाजूने, आणि दुसऱ्याचा भरवसा नाही.

म्हणून 'एफडीआय (थेट परकीय गुंतवणूक) इतकी वाढली की प्रदूषण इतकं वाढतं' असा एकच आकडा सगळ्या देशांना लावलेला दिसला, तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात. पैसा कोणत्या क्षेत्रात गेला? आणि नवा कारखाना उभा राहिला, की चालू कंपनीचे शेअर विकत घेतले गेले? शेअर घेतले तर मालक बदलतो, चिमणी तीच राहते. भारतात नवीकरणीय विजेत १०० टक्के परकीय गुंतवणूक आपोआप मंजुरीच्या मार्गाने येऊ शकते, आणि २०१९ पासून कोळसा खाणीतही. आकडेवारीत दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

२. 'कारभाराची गुणवत्ता' ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे का?

जागतिक बँक १९९६ पासूनचे निर्देशांक सहा कप्प्यांत देते: लोकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण. गुण साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या पट्टीवर असतात. बहुतेक अभ्यास हेच आकडे वापरतात. यातली मेख अशी की हे आकडे मुख्यतः तज्ज्ञ, कंपन्या आणि नागरिक यांच्या मतांवरून काढलेले असतात. शिवाय 'नियमनाचा दर्जा' या कप्प्यात उद्योगाला किती मोकळीक आहे हेही मोजलं जातं, त्यामुळे त्या कप्प्यात वर असलेला देश पर्यावरणातही वर असेलच असं नाही.

पर्यावरणापुरता व्यवहारी निकष हवा असेल तर तो असा: नियम मोडला गेला हे कोणाला कळतं, किती दिवसांत कळतं, कळवणाऱ्याचा पगार कोण देतं, आणि कळल्यावर काय होतं.

३. देशाचा पर्यावरणीय भार म्हणून नेमका कोणता आकडा धरायचा?

कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे. माणशी पाहिलं तर आपण सुमारे २ टनांवर, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिका १४ टनांच्या. तिसरी पद्धत उपभोगाची: वस्तू जिथे वापरली तिथे तिचा धूर मोजायचा. चीनमध्ये बनलेला आणि पुण्यात वापरलेला फोन पहिल्या पद्धतीत चीनच्या खात्यावर जातो, तिसऱ्या पद्धतीत आपल्या.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात भारत २०२२ मध्ये १८० देशांत १८० वा होता, २०२४ मध्ये १७६ वा. दोन वर्षांत हवा-पाणी एवढं बदललं नाही. अशा मिश्र निर्देशांकात घटकांचं वजन जरा हललं की क्रम हलतो. तुलना करायची तर एकच प्रदूषक घ्या आणि त्याची दहा-पंधरा वर्षं पाहा.

४. देश श्रीमंत झाला की आपोआप स्वच्छ होतो, हे खरं आहे का?

काही प्रदूषकांपुरतं. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने दाखवलं की शहरांतला सल्फर डायऑक्साइड उत्पन्नाबरोबर आधी वाढतो आणि मग उतरतो. उलट्या वाटीसारखी ही रेषा पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिचा अर्थ 'आधी पैसा, मग पर्यावरण' असा लावला गेला. डोळ्यांना झोंबणारा धूर मतदाराला दिसतो, त्यामुळे तो उतरतो. कार्बन आणि कचरा यांना ती रेषा तितकीशी लागू पडत नाही. आणि 'आपोआप' तर काहीच उतरत नाही, उतरतं ते नियम आणि तपासणीमुळे.

५. आपले नियम सैल आहेत म्हणून घाण उद्योग इकडे येतात का?

वाटतं त्यापेक्षा कमी. बहुतेक उद्योगांत प्रदूषण नियंत्रणाचा खर्च एकूण खर्चाच्या काही टक्क्यांतच असतो. जागा निवडताना बाजारपेठ, बंदर, वीज आणि कामगार हे आधी येतात. शिवाय बऱ्याच मोठ्या कंपन्या सगळ्या देशांत एकाच नमुन्याचा कारखाना उभारतात, कारण दोन नमुने सांभाळणं महाग पडतं.

अपवाद मात्र ठसठशीत आहेत. ज्या धंद्यात घाण हाच कच्चा माल असतो, तिथे सैल नियमच मुख्य आकर्षण ठरतात. उदाहरणार्थ जहाजतोडणी आणि इलेक्ट्रॉनिक भंगार. फ्रान्सची क्लेमेन्सो ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉससह गुजरातमधल्या अलंगला तोडायला निघाली होती. ती फेब्रुवारी २००६ मध्ये परत बोलावली गेली, तेव्हा प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेलं होतं.

६. कायदे कडक आहेत, मग नदी तशीच का?

आमच्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून उत्तर लांब.

गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरण तपासणी करून घ्यावी लागते. कागदावर उत्तम. पण परीक्षक कारखान्याने निवडायचा आणि पैसेही कारखान्याने द्यायचे. डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या अर्थतज्ज्ञांनी अहमदाबाद आणि सुरत परिसरातल्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. जुन्या पद्धतीत परीक्षकांच्या अहवालानुसार धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते ७ टक्के. स्वतंत्रपणे पुन्हा मोजल्यावर निघाले ५९ टक्के.

अर्ध्या कारखान्यांसाठी चार गोष्टी बदलल्या. परीक्षक चिठ्ठी टाकल्यासारखा नेमायचा. त्याची फी ठरलेली, आणि ती सामायिक निधीतून द्यायची. त्याने मोजलेल्या काही ठिकाणी दुसऱ्याने जाऊन पुन्हा मोजायचं. आणि दुसऱ्या वर्षी, मोजमाप बरोबर निघालं तर फी जास्त. खोटा 'सर्व ठीक' अहवाल देण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची: कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केलं. कायदा तोच, मर्यादा तीच, अधिकारी तेच. बदललं ते एवढंच की मोजणाऱ्याचं पोट मोजल्या जाणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

यंत्रं बसवून ही अडचण सुटते असं समजू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सतत ऑनलाइन मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. नेहमी चुकतं ते इथे: कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजतं का याची जुळणी) वेळेवर होत नाही, सेन्सर सोयीच्या जागी बसतो, किंवा नेमका बॅच सुटण्याच्या वेळी डेटा तुटतो. आलेख महिनाभर सपाट दिसला तर खूश होऊ नये. खऱ्या चिमणीचा आलेख असा सरळसोट चालत नाही.

पुढची पायरी सुरतमध्ये झाली. २०१९ पासून तिथे धुळीच्या कणांच्या उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालला: एकूण धुळीवर मर्यादा, आणि तिच्यातले परवाने कारखान्यांनी आपसांत विकायचे-घ्यायचे. त्यात सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं आणि नियंत्रणाचा खर्चही उतरला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देणारी योजना आणली. तिचा जोर दंडावर नसून माहिती उघडी करण्यावर आहे.

७. कोट्यवधी खर्चून सांडपाणी प्रकल्प उभारले, तरी नाले नदीतच का?

कारण बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. बसवलेली क्षमता ३१,८४१, चालू स्थितीतली २६,८६९ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया झालेलं पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे बसवलेल्या क्षमतेचाही तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वापरात नव्हता.

कारणं ठरलेली असतात. घरांच्या जोडण्या आणि मलवाहिन्या मागे राहतात, त्यामुळे प्रकल्पापर्यंत पाणीच पोचत नाही. वीजबिल थकतं, म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवतात. गाळ उचलायचं कंत्राट संपलेलं असतं. औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं दुखणं आणखी वेगळं. एखाद्या सभासदाने आम्लयुक्त पाणी थेट सोडलं की टाकीतले जिवाणू मरतात, आणि पुढचे कित्येक दिवस बाकी सगळ्यांचं पाणीही प्रक्रियेविना जातं. म्हणून प्रकल्पाची किंमत विचारू नका. वर्षाचं वीजबिल आणि किती गाळ उचलला ते विचारा.

८. आमच्या तालुक्यात मोठा कारखाना येतोय. कोणते कागद पाहायचे?

क्रमाने तीन. पहिला कागद पर्यावरण मंजुरी, १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली. 'अ' गटाचे प्रकल्प केंद्राकडे, 'ब' गटाचे राज्याच्या प्राधिकरणाकडे जातात. पर्यावरण आघात अहवाल (प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास) आणि अटी केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधा. दुसरा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती (नोव्हेंबर २०२४ च्या केंद्राच्या अधिसूचनांनंतर, मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला ती वेगळी लागेलच असं नाही), आणि तिसरा चालवण्याची संमती. हे दोन्ही १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली. मंजुरी मिळाली म्हणजे चालवण्याची संमती मिळाली असं होत नाही.

जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी सूचना हवी, आणि ती स्थानिक भाषेतल्या दैनिकातही हवी. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली होते. किमान हजेरीची अट (कोरम) नाही, त्यामुळे बहिष्कार टाकल्याने सुनावणी रद्द होत नाही, एवढंच की तुमचं म्हणणं कागदावर येत नाही. शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही व्हायला हवी. तो वाचून होईपर्यंत उठू नका. मतदान नसतं. 'विरोध आहे' एवढ्यावर थांबण्यापेक्षा 'अहवालातल्या अमुक पानावर विहिरी १२ लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात ४० आहेत' हे जास्त टिकतं.

गुंतवणुकीशी थेट संबंध असलेली एक बारीक गोष्ट: महाराष्ट्रात संमतीचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, आणि त्यासाठी सीएचा दाखला जोडावा लागतो. नूतनीकरणात गुंतवणुकीचा आकडा एकदम फुगला, पण उत्पादन 'तेवढंच' दाखवलं असेल, तर विचारायला जागा आहे.

९. मंजुरी देऊन झाली. आता उशीर झाला का?

मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. ९० दिवसांनंतर दार बंद, आणि तिथे दयामाया चालत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पीठ पुण्यात आहे.

पण अटी मोडल्याची तक्रार हा वेगळा मार्ग आहे. त्याला मूळ कारण घडल्यापासून सहा महिने आणि वर ६० दिवस, भरपाईसाठी पाच वर्षं मिळतात. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो. सुरुवात तिथून करा. बरेचदा अट आणि अहवाल शेजारी ठेवले तरी विसंगती दिसते.

१०. आम्ही स्वतः ओढ्याचं पाणी तपासून आणलं. पुरावा म्हणून चालतं का?

कारखान्यावर खटला भरायला नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन नमुना घ्यायचा, दोन भाग करायचे, सीलबंद करून सह्या घ्यायच्या. हे चुकलं तर मंडळाचा स्वतःचा अहवालही न्यायालयात टिकत नाही, आणि अनेक खटले नेमके इथेच कोसळतात.

हरित न्यायाधिकरण मात्र पुरावा कायद्याच्या चौकटीला बांधलेलं नाही. तुमचा अहवाल तिथे पाहणी समिती नेमण्याचं कारण ठरू शकतो. नमुना बर्फात, सुमारे ४ अंशांवर ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) कमी दिसते. नदीनाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, सामू ५.५ ते ९ आहे. ही सोडलेल्या पाण्याची मर्यादा आहे, वाहत्या नदीची नव्हे. हा घोटाळा बातम्यांतही होतो.

११. मंजुरी न घेताच काम सुरू केलं असेल तर?

इथे जमीन अजून हलती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर मागाहून मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मतांनी तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकायला ठेवलं. प्रश्नाचा आर्थिक गाभा साधा आहे. मागाहून मंजुरी मिळते हे माहीत असेल, तर आधी पैसे ओतणाऱ्याचाच फायदा होतो, कारण नंतर 'एवढी गुंतवणूक वाया घालवायची का' हाच युक्तिवाद होतो.

१२. तुरुंगवास काढून दंड वाढवला, त्याने फरक पडेल का?

१ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आहे, आणि तो न्यायालयाऐवजी अधिकारी ठरवतो. बाजूने बोलायचं तर जुनी शिक्षा क्वचितच होत असे, दंड निदान लागू शकतो. विरुद्ध बोलायचं तर शेकडो कोटींच्या कारखान्याला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च. आमचं मत: रकमेपेक्षा पकडलं जाण्याची खात्री मोठी, आणि ती प्रश्न ६ मधल्या मोजणीवर टेकलेली आहे.

१३. नियम सारखे बदलले तर गुंतवणूकदार काय करतो?

थांबतो. औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७ डिसेंबर २०१५ रोजी आली, मुदत दोन वर्षांची. मग ती पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के केंद्रांना धूर धुणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ज्यांनी वेळेत यंत्रणा बसवली त्यांची वीज महागली, थांबले ते फायद्यात राहिले. सूट शास्त्रीयदृष्ट्या बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला तरी पुढच्या नियमाच्या वेळी सगळ्यांनी काय करायचं ते आता सगळ्यांना कळलं आहे.

१४. बाहेरचे कर्जदार पर्यावरणाच्या अटी घालतात. त्या चालतात का?

देशातली यंत्रणा त्या अटी स्वतःच्या करते तेव्हा चालतात. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. जून १९९२ च्या स्वतंत्र समीक्षेने पुनर्वसन आणि पर्यावरणावर कठोर ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. कर्जाबरोबर बँकेचा दबावही गेला. धरण मात्र थांबलं नाही, २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचं लोकार्पण झालं. नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी भागातल्या बुडित गावांसाठी लढा पुढे देशातल्या न्यायालयांतच चालला.

उलट उदाहरण ब्राझीलचं. ॲमेझॉनमध्ये २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटलं. त्याच वर्षी उपग्रहावरून जवळपास रोजची टेहळणी सुरू झाली. २००८ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ठरवलं की ॲमेझॉन पट्ट्यात जमिनीचे आणि पर्यावरणाचे कागद नसतील तर शेतीकर्ज नाही. २०१२ मध्ये आकडा ४,५७१ वर आला. २०१९ मध्ये जंगलतोडीचे आकडे देणाऱ्या अंतराळ संस्थेच्या प्रमुखांनाच पदावरून दूर केलं गेलं, आणि २०२१ मध्ये आकडा १३,००० च्या वर गेला. उपग्रह तेव्हाही वरून पाहतच होता.

१५. गोव्यातल्या खाणींचं नेमकं काय चुकलं? तिथे तर गुंतवणूक स्थानिकच होती.

म्हणूनच उदाहरण चांगलं. परदेशी मालक नसले तरी परदेशी मागणी पुरते. चीनने हलक्या प्रतीचं लोहखनिजही घ्यायला सुरुवात केली, तशी पडून राहिलेली मातीही विकाऊ झाली. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून जास्त खनिज गेलं. ट्रक आणि बार्ज वाढले, तपासणारे वाढले नाहीत. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी दिली, पण पट्टे २००७ मध्येच संपल्याचंही सांगितलं. राज्याने लिलाव न करता ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते रद्द झाले. सैल कारभाराची किंमत शेवटी खाण-अवलंबितांनीही मोजली: आधी धूळ, मग बेकारी.

१६. नॉर्वेसारख्या स्वच्छ कारभाराच्या देशाचा भार मग शून्य का नाही?

देशातली वीज जवळजवळ सगळी पाण्याची, उत्पन्न तेल-वायूच्या निर्यातीचं. विकलेलं तेल जिथे जळतं त्या देशाच्या खात्यावर धूर चढतो (प्रश्न ३). चांगला कारभार ठरवलेलं काम नीट करतो. तेल काढायचं ठरलं तर तेही नीटच निघतं.

१७. हरित रोखे घेतले तर पैसा खरंच पर्यावरणावर खर्च होतो का?

केंद्र सरकारने जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रत्येकी ८,००० कोटींच्या दोन हप्त्यांत १६,००० कोटींचे हरित रोखे विकले. त्यांच्या चौकटीत जीवाश्म इंधन, अणुऊर्जा आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठी जलविद्युत बसत नाही. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठी १५० कोटी असेच उभे केले. पाहायचा कागद म्हणजे वाटपाचा वार्षिक अहवाल. जुनाच खर्च नव्या नावाखाली दाखवला आहे का, ते तिथे कळतं.

१८. आपण नियम कडक केले तर परदेशी कंपनी सरकारवर दावा लावू शकते का?

गुंतवणूक करार असेल आणि त्यात तशी तरतूद असेल तर हो. मेक्सिकोत एका नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या जागेला बांधकाम परवाना नाकारला, आणि २००० मध्ये लवादाने मेटलक्लॅड कंपनीला १.६७ कोटी डॉलर देववले. अशा निवाड्यांच्या धास्तीने लहान देश नियम करायलाच कचरतात.

भारताने २०१६ पासून बहुतेक जुने करार संपवले. २०१५ च्या नव्या नमुन्यानुसार परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षं भारतातल्या न्यायालयांत दाद मागायची. २०२४ च्या अमिरातीबरोबरच्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आली. शिवाय संपवलेल्या जुन्या करारांत 'मावळतीचं कलम' असतं, त्यामुळे आधी आलेल्या गुंतवणुकीला करार संपल्यावरही काही वर्षं, अनेकदा १० किंवा १५, संरक्षण मिळत राहतं. एखाद्या प्रकल्पाबद्दल ही शंका असेल, तर कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि पैसा कोणत्या तारखेला आला, या दोन गोष्टी आधी शोधा.